मुख्यमंत्र्यांची खुर्ची अचानक रिकामी झाली तर? विधानमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

सविनय नमस्कार.

मी मंत्रालयातून निवृत्त झालेला कक्ष अधिकारी आहे. एकतीस वर्षे नस्त्या, म्हणजे सरकारी फायली, हाताळल्या. टिपणी लिहायची, खाली ‘मान्यतेस्तव सादर’ लिहायचे आणि नस्ती वर पाठवायची, हेच माझे काम. अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्री अशा पायऱ्या चढत काही नस्त्या शेवटी एकाच टेबलावर जातात. त्या टेबलाच्या वर दुसरे टेबल नाही. आज मी तुम्हाला लिहितो आहे ते त्या टेबलाबद्दल.

मागणे एकच आहे. मुख्यमंत्री अचानक गेले, बेपत्ता झाले किंवा शुद्धीत राहिले नाहीत, तर पुढचे काही दिवस राज्याचा कारभार कोणी पाहायचा आणि किती पाहायचा, हे आताच लिहून ठेवा. सगळे धडधाकट असताना आणि कोणाचेही नाव डोळ्यांसमोर नसताना लिहा.

ही वेळ महाराष्ट्रावर येऊन गेली आहे. २० नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतराव चव्हाण संरक्षण खाते सांभाळायला दिल्लीला गेले आणि मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. वर्ष नुकतेच उलटले होते, तोच २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी परशुराम कृष्णाजी सावंत यांनी हंगामी मुख्यमंत्री म्हणून सूत्रे घेतली, ४ डिसेंबरपर्यंत सांभाळली आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. दहा दिवसांत सगळे सुरळीत पार पडले. पण कशाच्या बळावर? एका पक्षाचे भक्कम बहुमत होते, त्या पक्षात वडीलधाऱ्यांचा शब्द मानला जात होता, आणि सावंतांनी घेतलेली जबाबदारी वेळेवर खाली ठेवली. यातली एकही गोष्ट कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती. आजच्या आघाड्यांच्या, फुटींच्या आणि पहाटेच्या शपथविधींच्या काळात हे तिन्ही आधार एकाच वेळी मिळतील असे तुम्हाला वाटते का? मला वाटत नाही.

संविधानात याबद्दल काय आहे ते पाहू. राष्ट्रपतींचे पद रिकामे झाले तर अनुच्छेद ६५ प्रमाणे उपराष्ट्रपती ते काम पाहतात. त्याहून वेगळा प्रसंग आला तर अनुच्छेद ७० संसदेला तजवीज करायला सांगतो. राज्यपालांसाठी अनुच्छेद १६० आहे. सरन्यायाधीशांच्या जागी काम कोणी पाहायचे ते १२६ मध्ये आहे, उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींसाठी २२३ आहे. तुमच्या सभागृहाच्या अध्यक्षांचे पद रिकामे झाले तर उपाध्यक्ष, आणि तेही नसतील तर कोण, हे १८० मध्ये सांगितले आहे. फार कशाला, गावात सरपंच नसला तर उपसरपंचाने काम पाहायचे, हे ग्रामपंचायत कायद्यात आहे. मग प्रधानमंत्री आणि मुख्यमंत्री? अनुच्छेद ७४, ७५, १६३, १६४ कितीही वेळा वाचा. मंत्रिपरिषद असेल, तिचे प्रमुख मुख्यमंत्री असतील, त्यांची नेमणूक राज्यपाल करतील, बाकीचे मंत्री मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने नेमले जातील, हे सगळे आहे. ते मुख्यमंत्री उद्या सकाळी नसतील तर काय, याबद्दल एक ओळही नाही. राज्यात ज्यांच्या सहीने प्रत्यक्ष कारभार हलतो, नेमकी त्यांचीच जागा मोकळी सोडली आहे.

ही विसरभोळेपणाने राहिलेली गोष्ट आहे असे मी म्हणणार नाही. संसदीय पद्धतीत मुख्यमंत्रिपद वारशाने सरकत नाही. सभागृहाचा विश्वास ज्याच्यावर, तो मुख्यमंत्री. तो विश्वास एकाच्या मृत्यूने आपोआप दुसऱ्याकडे जात नाही, आणि जाऊही नये. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणून मी वारसदार मागत नाही. नवा नेता निवडला जाईपर्यंतचे जे दिवस असतात, तेवढ्यापुरता राखणदार मागतो आहे.

‘उपमुख्यमंत्री आहेत ना?’ असे कोणी म्हणेल. आपल्याकडे १९७८ मध्ये नाशिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री झाले, तेव्हापासून हे पद आपल्या ओळखीचे आहे. पण संविधानात हा शब्दच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की उपमुख्यमंत्री हा इतरांसारखाच एक मंत्री, नावामुळे त्याला वेगळा अधिकार मिळत नाही. आणि उपमुख्यमंत्री एकाऐवजी दोन असतील, दोघे दोन पक्षांचे असतील, तर त्या रात्री दूरध्वनी कोणाला करायचा?

प्रसंग तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येकाची अडचण वेगळी आहे. मृत्यू हा त्यातला सर्वांत दुःखद, पण कारभाराच्या दृष्टीने सर्वांत स्पष्ट. माणूस गेला, पद रिकामे झाले, राज्यपालांनी नवी नेमणूक करायची. तरीही गोंधळ होतोच. १९८७ च्या २४ डिसेंबरला तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन गेले, मंत्री नेदुनचेळियन यांनी हंगामी सूत्रे घेतली, ७ जानेवारीला रामचंद्रन यांच्या पत्नी जानकी मुख्यमंत्री झाल्या, महिनाअखेरीस विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी सभागृहात हाणामारी झाली, आत पोलीस शिरले, आणि ३० जानेवारीला राष्ट्रपती राजवट आली. जम्मू-काश्मीरमध्ये मुख्यमंत्री मुफ्ती मोहम्मद सईद ७ जानेवारी २०१६ रोजी वारले. मेहबूबा मुफ्तींचा शपथविधी ४ एप्रिलला झाला. मधले जवळजवळ तीन महिने राज्यपालांचीच राजवट होती.

दुसरा प्रसंग बेपत्ता होण्याचा. ३० एप्रिल २०११ रोजी अरुणाचल प्रदेशचे मुख्यमंत्री दोरजी खांडू तवांगहून हेलिकॉप्टरने निघाले आणि संपर्क तुटला. ते सुखरूप उतरल्याच्या बातम्याही मध्ये आल्या, त्या खोट्या निघाल्या. अवशेष सापडले ४ मे रोजी. दुसऱ्या दिवशी जारबोम गामलिन यांनी शपथ घेतली. त्या मधल्या दिवसांत चीनच्या सीमेवरच्या त्या राज्याला मुख्यमंत्री होते का? कागदावर होते. त्यांनी राजीनामा दिला नव्हता, आणि त्यांना मृत म्हणायला पुरावा नव्हता. आपल्या पुराव्याच्या कायद्यात बेपत्ता माणूस मृत मानायला सात वर्षे लागतात. राज्यपाल नवी नेमणूक कशाच्या आधारावर करणार? वीस महिने आधी, २ सप्टेंबर २००९ च्या सकाळी, आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात असेच हरवले होते. तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी अवशेष सापडले आणि त्याच दिवशी के. रोसय्या मुख्यमंत्री झाले. एक दिवस की पाच दिवस, हे शोधपथकाला किती लवकर यश येते यावर ठरले. आपले मुख्यमंत्रीही पावसाळ्यात घाटांवरून हेलिकॉप्टरने फिरतात. गडचिरोलीला जातात.

आणि तिसरा प्रसंग, ज्याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते: मुख्यमंत्री जिवंत आहेत, पण काम करण्याच्या स्थितीत नाहीत.

२२ सप्टेंबर २०१६ च्या रात्री तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता रुग्णालयात दाखल झाल्या आणि ५ डिसेंबरला गेल्या. ७५ दिवस. त्या काळात तमिळनाडूचा अतिरिक्त कार्यभार आपल्याच राज्यपालांकडे, सी. विद्यासागर राव यांच्याकडे होता. ११ ऑक्टोबरला राजभवनातून निवेदन आले, की अनुच्छेद १६६ (३) नुसार, म्हणजे मंत्र्यांत कामाची वाटणी करणारे नियम ज्याखाली होतात त्या तरतुदीने, मुख्यमंत्र्यांकडची खाती मंत्री ओ. पन्नीरसेल्वम यांच्याकडे दिली आहेत, मंत्रिमंडळाच्या बैठकाही तेच घेतील, मुख्यमंत्री मात्र जयललिताच राहतील. ही व्यवस्था मुख्यमंत्र्यांच्याच सल्ल्याने केली आहे, असेही त्यात होते. आता विचार करा. ज्या बाईंना तीन आठवड्यांत लोकांनी पाहिले नव्हते, त्यांचा सल्ला राज्यपालांपर्यंत कसा पोहोचला, हे विचारण्याची सोय कोणाला होती? पुढे पोटनिवडणुकांच्या उमेदवारांसाठी पक्षाच्या कागदांवर सहीऐवजी त्यांच्या अंगठ्याचा ठसा आला. तो वाद न्यायालयात गेला आणि मार्च २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांतल्या तिरुपरनकुंद्रम मतदारसंघातली निवड रद्द ठरवली. आजारपणाची आणि मृत्यूची चौकशी करायला आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल २०२२ मध्ये आला. सहा वर्षे एक राज्य त्या रुग्णालयाच्या दारापाशीच घुटमळत राहिले.

ती अंगठ्याची बातमी वाचली तेव्हा मला माझी एक नस्ती आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट, विभागाचे नाव सांगत नाही. धरणात जमिनी गेलेल्या काही कुटुंबांना पर्यायी भूखंड देण्याचा प्रस्ताव होता. तो मंत्र्यांकडे गेला आणि त्याच आठवड्यात मंत्रिमहोदयांना अतिदक्षता विभागात हलवले. अठरा दिवस नस्ती त्यांच्या कार्यालयात पडून राहिली. त्या गावचे दोन म्हातारे दर मंगळवारी यायचे, माझ्या टेबलासमोर उभे राहायचे, बसा म्हटले तरी बसायचे नाहीत. एकोणिसाव्या दिवशी नस्ती परत आली. टाचणीने लावलेली कोरी चिठ्ठी तशीच होती, आणि खाली सही होती. मी त्या मंत्र्यांच्या शेकडो सह्या पाहिल्या होत्या. त्यांच्या पहिल्या अक्षराचा काना लांब, रेघ सरळ. इथे रेघ खाली घसरत जाऊन मध्येच तुटली होती. शेजारी तारीख नव्हती. आजाऱ्याचा हात थरथरला असेल, किंवा कोणी हात धरला असेल, किंवा आणखी काही. मी अवर सचिवांकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले. प्रस्ताव रास्त होता, माणसे वाट पाहत होती. आम्ही आदेश काढला.

भूखंड मिळाले, त्याचा आनंद आजही आहे. पण त्या सहीबद्दल मी कोणाला काही विचारले नाही, ही बोच अजून गेलेली नाही. विचारायचे कोणाला, आणि कुठल्या नियमाखाली? एका खात्याच्या एका नस्तीवर ही पाळी आली. मुख्यमंत्र्यांच्या टेबलावर अशा नस्त्यांचे गठ्ठे असतात. त्यात पूरग्रस्तांची मदत असते, पोलीस अधिकाऱ्यांच्या नेमणुका असतात, हजारो कोटींची कामे असतात.

शेजारच्या गोव्यात मनोहर पर्रीकरांनी नाकात नळी असताना जानेवारी २०१९ मध्ये अर्थसंकल्प मांडला. तो क्षण पाहताना माझे डोळे भरून आले होते, आणि त्या माणसाच्या जिद्दीपुढे मी आजही नतमस्तक आहे. तरीही सांगतो, कर्करोगाशी झुंजणाऱ्या माणसावर राज्य अडू नये म्हणून उभे राहण्याची वेळ येऊ देणे बरे नव्हे. त्यांना निवांत उपचार घेता येतील आणि बरे वाटताच परत खुर्चीवर बसता येईल, अशी लेखी सोय असती तर त्यात त्यांचाही मान राहिला असता. १७ मार्चला ते गेले. मग मित्रपक्षांशी वाटाघाटी चालल्या आणि १९ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास प्रमोद सावंत यांचा शपथविधी झाला, सोबत मित्रपक्षांचे दोन उपमुख्यमंत्री ठरले. अंत्यसंस्काराच्या दिवशी खुर्चीची बोलणी करावी लागतात, कारण खुर्ची एक दिवसही सांभाळायला कोणी नेमलेला नसतो.

संकेत आहेत, ते पुरेसे आहेत, असे काही जाणकार सांगतात. पण दिल्लीतले संकेतच पाहा. २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरू गेले, गुलझारीलाल नंदा हंगामी प्रधानमंत्री झाले, १३ दिवसांनी लालबहादूर शास्त्री आले. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदमध्ये शास्त्रीजी गेले, पुन्हा नंदा, पुन्हा १३ दिवस, मग इंदिरा गांधी. दोनदा झाले म्हणजे पायंडा पडला असे सगळ्यांना वाटले. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिराजींची हत्या झाली आणि त्याच संध्याकाळी राष्ट्रपती झैलसिंग यांनी राजीव गांधींना थेट शपथ दिली. हंगामी कोणी नव्हते. तेव्हाच्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत मी शिरत नाही. पण जो संकेत एका संध्याकाळी बाजूला ठेवता येतो, त्यावर राज्य विसंबून ठेवू नये.

वेळेवर केलेला नियम किती लवकर कामी येतो, याचे उदाहरणही आपल्याच देशात आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती वराहगिरी व्यंकट गिरी काम पाहू लागले. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले, की गिरीही उपलब्ध नसतील तर पुढे कोण, हे लिहिलेलेच नाही. संसदेने त्याच महिन्यात, २८ मे १९६९ चा कायदा केला: मग सरन्यायाधीश, आणि तेही नसतील तर सर्वोच्च न्यायालयाचे ज्येष्ठतम न्यायाधीश. त्या वेळी अनेकांना ही फारच दूरची काळजी वाटली असेल. दोन महिनेही गेले नाहीत. राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी गिरींनी २० जुलैला पद सोडले आणि सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला त्या नव्या कायद्याखाली राष्ट्रपतींचे काम पाहू लागले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन त्याच काळात दिल्लीत आले, त्यांचे स्वागत हिदायतुल्लांनी केले. कुठे काही अडले नाही.

याच प्रसंगात एक इशाराही आहे. गिरींनी पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, १९ जुलैला, चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या अध्यादेशावर सही केली होती. तो अध्यादेश मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निघाला होता, त्यामुळे तिथे दोष नाही. पण मुख्यमंत्र्यांच्या हंगामी राखणदाराला असा सल्ला देणारे वर कोणी नसते, तोच सल्ला देणारा असतो. म्हणून ‘कोण’ इतकेच ‘किती’ हेही लिहिणे भाग आहे.

जपानमध्ये एप्रिल २००० मध्ये प्रधानमंत्री केइझो ओबुची यांना पक्षाघात झाला. ते रुग्णालयात असल्याचे लोकांना कळायला जवळजवळ एक दिवस गेला. मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव मिकिओ आओकी यांनी सांगितले, की काम पाहायला ओबुचींनी आपल्याला तोंडी सांगितले आहे, आणि त्यावर बराच काळ संशय घेतला गेला. त्यातून ते शिकले. आता तिथे मंत्रिमंडळ बनतानाच पाच जणांचा क्रम ठरवून जाहीर केला जातो. कोणी त्याला अपशकुन मानत नाही.

आपल्याकडे अडचण बहुधा तिथेच आहे. चांगल्या चालत्या माणसासमोर त्याच्या जाण्याचे बोलू नये, असे आपण मानतो. पण बँकेच्या खात्यावर आपण वारसाचे नाव घालतोच. माझ्या वडिलांनी वयाच्या पन्नाशीत मृत्युपत्र केले आणि पुढे चांगली एकतीस वर्षे जगले. ते गेल्यावर आम्हा चार भावंडांत एका शब्दाचा वाद झाला नाही.

दुसरी अडचण कोणी उघड बोलणार नाही, म्हणून मीच लिहितो. दोन नंबरचे नाव कागदावर आले की एक नंबरला झोप लागत नाही. हे मंत्रालयात राहून मला ठाऊक आहे. त्यावर उपाय म्हणूनच मी राखणदाराचे हात बांधायला सांगतो आहे.

तर माझ्या मनात आहे ते असे. शपथविधीनंतर सात दिवसांत मुख्यमंत्र्यांनी आपल्या मंत्रिमंडळातल्या पाच जणांचा क्रम राज्यपालांना लेखी द्यावा आणि तो राजपत्रात छापावा. बदलायचा तेव्हा बदलावा, पण बदलही राजपत्रात यावा. मुख्यमंत्री शस्त्रक्रियेला जाणार असतील तर त्यांनी दोन ओळींचे पत्र द्यावे आणि परत आल्यावर दोन ओळींनीच काम परत घ्यावे. त्यांना पत्र देणेच शक्य नसेल, तर मंत्रिमंडळातल्या दोन तृतीयांश मंत्र्यांनी, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या तीन डॉक्टरांच्या लेखी मतासह, तसे राज्यपालांना कळवावे आणि दोन्ही सभागृहांच्या पीठासीन अधिकाऱ्यांना प्रत द्यावी. आजाराचे नाव जाहीर करण्याची गरज नाही, काम करू शकतात की नाही एवढेच. बेपत्ता असतील तर चोवीस तासांनी हाच क्रम लागू व्हावा. एवढे सगळे अनुच्छेद १६६ (३) खाली, शासन कार्यनियमावलीत दुरुस्ती करून होण्यासारखे आहे. संविधानाला हात लावावा लागत नाही.

मृत्यूच्या प्रसंगी नियमाने मुख्यमंत्री नेमता येणार नाही, तो अधिकार अनुच्छेद १६४ प्रमाणे राज्यपालांचा आहे. तिथे दोन्ही सभागृहांनी ठराव करून संकेत बांधावा: क्रमातल्या पहिल्या मंत्र्याला काही तासांत काळजीवाहू म्हणून शपथ, चौदा दिवसांत नवा नेता, आणि मग सभागृहात विश्वासमत.

त्या दिवसांत राखणदाराने आपत्ती, कायदा-सुव्यवस्था, पगार, दवाखाने, रोजचा कारभार पाहावा. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बदल्या, नव्या निविदा, जमिनींचे वाटप आणि विधानसभा विसर्जनाची शिफारस यांना हात लावू नये. त्याच्या प्रत्येक सहीखाली ‘काळजीवाहू’ हा शब्द, तारीख आणि वेळ असावी. तारीख आणि वेळेचा आग्रह मी का धरतो, ते वर लिहिले आहे.

चौदा, पाच, दोन तृतीयांश हे आकडे माझे आहेत, ते तुम्ही बदलू शकता. ते बदलण्यासाठी चर्चा करावी लागेल, आणि मला तीच हवी आहे.

१९ सप्टेंबर १९६५ रोजी युद्ध चालू असताना गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांचे विमान कच्छच्या सीमेजवळ पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले. त्याच्या पाच वर्षे आधीपर्यंत गुजरात आणि आपण एकाच मुंबई राज्यात होतो. सीमेवर लढाई आणि राज्याला मुख्यमंत्री नाही, अशी रात्र आपल्या इतक्या जवळ येऊन गेली आहे.

तुम्ही विधानसभेत २८८ आहात, परिषदेत ७८. यासाठी सत्ताधारी असण्याची गरज नाही. येत्या अधिवेशनात कोणीही एकाने अशासकीय ठराव दिला तरी विषय कामकाजात येतो. दुरुस्तीचा मसुदा मी नियमावलीच्या भाषेत, पोटनियमांसह, साडेतीन पानांत टंकलिखित करून ठेवला आहे. तो अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी विधानभवनाच्या आवक शाखेत दोन प्रतींत देणार आहे, एक विधानसभेच्या नावे आणि एक परिषदेच्या. पोच घेऊन जाईन.

आपला नम्र,
एक निवृत्त कक्ष अधिकारी